कडुलिंबावरची वरात

२५ मे २०२० ला जयपूरवर टोळधाड आली. टाळेबंदीचे दिवस होते, माणसं घरातच होती. गच्च्यांवरून थाळ्या आणि डबे बडवले गेले, मोबाइलवर चित्रफिती निघाल्या आणि संध्याकाळपर्यंत त्या देशभर पोहोचल्या. टोळांचा मान मोठा आहे. त्यांच्यावर नजर ठेवायला आपल्याकडे १९३९ पासून वेगळी सरकारी यंत्रणा आहे. टोळ दिसले की वर्तमानपत्रं पहिलं पान देतात, मंत्री पाहणीला निघतात.

त्यानंतर पहिला दमदार पाऊस पडला की याच शहराच्या पोटातून दुसरी एक धाड उठते. ती दरवर्षी उठते. तिला थाळी वाजवून हाकलता येत नाही, कारण ती कुठून येत नाही. वर्षभर इथेच, पायाखाली असते. दिवेलागणीनंतर जमिनीतून तपकिरी रंगाचे, दोन सेंटिमीटरच्या आसपास लांबीचे भुंगेरे बाहेर पडतात, घूं घूं करत जवळचा कडुलिंब किंवा खेजडी गाठतात, रात्रभर पाला खातात आणि पहाटेच्या आत पुन्हा मातीत शिरतात. सकाळी फिरायला निघालेल्या माणसाला झाडाखाली थोडी चावलेली पानं दिसतात, बस्स. त्याची बातमी कोण करणार?

बातमी होते ती ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि तीही घरगुती. बंगल्यासमोरची हिरवळ तुकड्या-तुकड्यांनी पिवळी पडू लागते. पाणी वाढवून पाहतात, युरिया मारून पाहतात, माळ्याला बोल लावतात. शेवटी माळीच कुदळीने एक ढेकूळ उलटून दाखवतो : आत पांढरी, गुबगुबीत, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली अळी, तांबूस डोकं आणि पुढच्या बाजूला तीन जोड्या पाय. जयपुरात तिला सफेद लट म्हणतात, काही जण गोजा लट. आपल्याकडच्या ऊसवाल्यांना तिची ओळख करून द्यायला नको. ती हुमणी. कुठे तिला उन्नी म्हणतात, कुठे उकरी.

कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याला हुमणी हे आपल्याच नशिबी आलेलं दुखणं वाटतं. पण तिच्यावर देशभर चाललेल्या संशोधनाची सूत्रं वर्षानुवर्षं हलली ती जयपूरहून. शहराच्या दक्षिणेला टोंक रस्त्यावर दुर्गापुरा आहे. एके काळी गावाबाहेर असलेलं हे शेतीसंशोधन केंद्र आता चहूबाजूंनी शहराने वेढलं आहे. राजस्थान कृषी संशोधन संस्था ती हीच, आज जोबनेरच्या श्री कर्ण नरेंद्र कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली. हुमणीवरच्या अखिल भारतीय संशोधन प्रकल्पाचं मुख्य ठाणं इथे होतं. पुढे त्यात वाळवीसारखे मातीतले इतर कीटकही आले. गुलाबी शहर पाहायला जाणारे मराठी पर्यटक सांगानेरच्या विमानतळावरून शहरात शिरताना याच भागातून जातात. हवामहालाच्या गडबडीत दुर्गापुऱ्याकडे कोण पाहतो!

हे ठाणं जयपुरातच का, याचं उत्तर भुईमुगात आहे. गुजरातच्या खालोखाल भुईमूग पिकवणारं राज्य म्हणजे राजस्थान, आणि जयपूर जिल्ह्यातलं चोमू, पुढे सीकर, बिकानेरकडचा पट्टा ही त्याची भूमी. हलकी, रेताड जमीन, विहिरीचं किंवा नलिकाकूपाचं पाणी, बांधावर खेजडी, घराजवळ कडुलिंब. माणसाने भुईमुगासाठी जे जे जमवलं, ते सगळं जणू ‘होलोट्रिकिया कॉन्सॅन्ग्विनिया’ या भुंगेऱ्याच्या सोयीसाठीच होतं. रेताड माती त्याच्या मादीला अंडी घालायला सोपी, ओल अंड्यांना हवीच, आणि झाडं प्रौढांच्या खाण्यासाठी तयार. भुईमुगाला एकच सोटमूळ. हुमणीने ते कुरतडलं की झाड सुकतं, आणि अळी सरीत पुढच्या झाडाकडे सरकते. म्हणून भुईमुगात चौरस मीटरमागे एक अळी सापडली तरी ती धोक्याची पातळी मानतात. एक अळी! शेतकऱ्याला ओळीतली सुकलेली रोपं दिसेपर्यंत हंगामातले निम्मे दिवस गेलेले असतात.

हिरवळीचं गणित याहून वेगळं आहे, आणि बंगलेवाल्यांची निम्मी घबराट ते न कळल्यामुळे होते. दूब म्हणजे आपली हरळी. हिला सोटमूळ नाही. धाग्यासारख्या मुळांचं जाळं असतं आणि जमिनीवर-जमिनीखाली धावणारी खोडं असतात, प्रत्येक पेरातून नवी मुळं फुटतात. हरळी किती चिवट, हे ज्याने ती शेतातून काढायचा प्रयत्न केला आहे त्याला विचारावं. अमेरिकेत जपानी भुंगेऱ्याच्या अळीसाठी चौरस फुटाला साधारण पाच ते दहा ही हिरवळीची सोसण्याची मर्यादा धरतात. चौरस मीटर म्हणजे जवळजवळ अकरा चौरस फूट. म्हणजे जिथे भुईमूग एका अळीने आडवा होतो, तिथे पाणी-खत नीट मिळालेली हिरवळ पन्नास अळ्या पोटात घेऊनही हिरवी राहू शकते. आपल्याकडची हुमणी अंगाने मोठी आणि जास्त खादाड, त्यामुळे हिशेब थोडा कडक ठेवावा. पण फुलझाडाच्या वाफ्यात दोन अळ्या दिसल्या म्हणून सगळ्या अंगणावर विष ओतायचं कारण नाही.

तेव्हा आधी मोजावं. पिवळ्या पडलेल्या डागाच्या मधोमध नव्हे, कडेला, जिथे हिरवं आणि पिवळं भेटतं तिथे. कारण मधलं खाऊन संपलं की अळ्या कडेला सरकतात. एक फूट लांब, एक फूट रुंद चौकोन कुदळीने तीन बाजूंनी कापायचा आणि चौथ्या बाजूवर उलटायचा. हुमणी लागलेली असेल तर कापायचीही गरज पडत नाही. मूठभर गवत धरून ओढलं की ते सतरंजीसारखं उचललं जातं, कारण खाली मुळंच उरलेली नसतात. चार इंचांपर्यंतची माती चाळून अळ्या मोजायच्या, अशा तीन-चार जागा पाहायच्या आणि चौकोन परत बसवून पाणी द्यायचं. पक्षी तुमच्या आधी मोजणी करून गेलेले असतात. साळुंक्या, कावळे, सातभाई, लांब चोचीचा हुदहुद एकाच तुकड्यावर रोज येऊन टोचत असतील तर खाली काहीतरी आहे. काहीच सापडलं नाही, तर दोष वाळवीचा, खाऱ्या पाण्याचा किंवा शेजारच्या कुत्र्याचाही असू शकतो. जयपुरात वाळवी तर हुमणीहूनही जुनी रहिवासी.

अळी सापडली तरी ती गुन्हेगार असेलच असं नाही. कुंडीत, शेणखताच्या ढिगात किंवा पाचोळ्याच्या खड्ड्यात सापडणाऱ्या जाडजूड अळ्या बहुतेकदा दुसऱ्याच कुळातल्या असतात, कुजलेलं खाणाऱ्या. त्यांना ओळखायची एक गंमतशीर पद्धत आहे. अळी उचलून गुळगुळीत फरशीवर ठेवावी आणि थोडा वेळ पाहावं. हुमणी कुशीवर वळून पडून राहते, हलली तर पायांनी ओढत, वेडीवाकडी सरकते. फुलभुंग्यांच्या कुळातली अळी मात्र सरळ पाठीवर उताणी होते, पाय आकाशाकडे करते आणि पाठीच्या स्नायूंच्या हेलकाव्यांवर चांगल्या वेगाने चालू लागते. ही उताणी चालणारी बाई निरुपद्रवी आहे, खत बनवणारी आहे. तिला परत ढिगात सोडावं. दरवर्षी अशा कित्येक अळ्या बिचाऱ्या हुमणी समजून चिरडल्या जात असतील.

आता जयपूरच्या बागांबद्दल दोन शब्द, कारण रोगाचं मूळ थोडं तिथेही आहे. सवाई जयसिंहाने १७२७ साली हे शहर वसवलं, त्या काळच्या बागा म्हणजे पाण्याचे पाट, कारंजी, फळझाडं, फुलांचे वाफे. १७२८ ची सिसोदिया राणीची बाग अजून तशीच आहे. मोकळी, कातरलेली, डोळ्यांत भरणारी हिरवळ हा साहेबाचा शौक. १८६८ साली सवाई रामसिंह दुसरे यांनी शहराच्या तटाबाहेर रामनिवास बाग करवली, पुढे तीत अल्बर्ट हॉल उभा राहिला, मग पोलोची मैदानं आली, गोल्फ आलं, रामबाग राजवाड्याचं १९५७ साली हॉटेल झालं, आणि वैशालीनगर, मालवीयनगरच्या बंगल्यांनी याची छोटी आवृत्ती आपापल्या फाटकाच्या आत उतरवली. वर्षाला साठ सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात, सभोवती जमीन तडकलेली असताना, तुम्ही दोन हजार चौरस फूट माती रोज भिजवता, मऊ ठेवता, तिच्यावर गवत राखता आणि कडेला कडुलिंब लावता. अंडी घालायला ओली जागा शोधत फिरणाऱ्या मादीने आणखी कुठे जावं? माझा हिरवळीला विरोध नाही. पण ती लावणाऱ्याने पाहुण्यांची तक्रार करू नये, एवढंच.

कडुलिंबाची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाडीने सगळं रान फस्त केलं तेव्हा हाइनरिख श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाला एकच झाड हिरवंगार उभं दिसलं, कडुलिंब. त्या निरीक्षणातून निंबोळीच्या कीटकनाशक गुणांवर जगभर काम सुरू झालं. आज निंबोळी अर्क आपण शेकडो किडींवर फवारतो. आणि हुमणीचा भुंगेरा? तो रात्रभर बसून त्याच कडुलिंबाचा पाला चवीने खातो. टोळाला जे विष, ते याला जेवण. झाडाच्या खोडापाशी निंबोळी पेंड टाकून ‘आता येणार नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा पहिल्या पावसानंतर बॅटरी घेऊन फांद्यांकडे पाहावं.

याच संध्याकाळी दुर्गापुऱ्याचं सगळं शहाणपण एकवटलेलं आहे. भुंगेऱ्याचं वर्ष असं असतं : जूनच्या उत्तरार्धात पहिला चांगला पाऊस झाला की तो बाहेर पडतो. मीलन झाडावरच होतं, मग खाणं, आणि काही दिवसांत मादी मातीत अंडी घालू लागते. एकेक मादी पन्नास-साठ. आठ-दहा दिवसांत अंडी फुटतात. बारीक अळ्या सुरुवातीला कुजलेलं खातात, मोठ्या झाल्या की मुळांकडे वळतात. दोन-अडीच महिने त्यांची चंगळ चालते. पावसाळा ओसरला की त्या खोल जाऊन कोष करतात, थंडीच्या तोंडाशी कोषातून भुंगेरा तयार होतो, पण वर येत नाही. तो आत, अंधारात, न खाता-पिता पुढच्या जूनची वाट पाहत बसतो. वर्षाला एकच पिढी.

या वर्षात हुमणी उघड्यावर किती वेळ असते? काही आठवडे, आणि त्यातही फक्त रात्री. बाकी अकरा महिने तिच्या अंगावर माती असते आणि मातीतून औषध खाली नेणं हे महाग, बेभरवशाचं आणि घाण काम आहे. म्हणून हुमणीच्या बाबतीत ‘काय टाकू?’ हा प्रश्नच चुकीच्या जागी सुरू होतो. आधी विचारायचं, ‘कधी?’ आणि त्याचं उत्तर आहे, पहिल्या पावसानंतरच्या पहिल्या संध्याकाळी. त्या संध्याकाळी मादीच्या पोटात अजून सगळी अंडी असतात.

जयपूरच्या संशोधकांनी या वरातीचं बारकाईने निरीक्षण केलं तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. कीटकांमध्ये मादीने गंध सोडला की नर येतात, हा सर्वसाधारण नियम. इथे मादीच्या गंधाला नर येत होते, तशा माद्याही येत होत्या. १९९६ साली दुर्गापुऱ्याचे सी. पी. एस. यादव आणि जे. एन. विजयवर्गीय यांनी, जपानात काम करणाऱ्या वॉल्टर लील या ब्राझिली रसायनशास्त्रज्ञाबरोबर, यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. गंधाचं रसायन निघालं मेथॉक्सीबेंझीन, म्हणजे ॲनिसोल. प्रयोगशाळेच्या कपाटात मिळणारा साधा, बिनरंगी द्रव, बडीशेपेच्या वळणाचा वास. ‘इथे या, इथे जेवणही आहे आणि लग्नही’ असं एकाच गंधात सांगणारी ही व्यवस्था.

हे कळल्यावर युक्ती सरळ होती. स्पंजाच्या लहान तुकड्यांवर ॲनिसोल घ्यायचं आणि गावातल्या निवडक झाडांवर संध्याकाळी टांगायचं. विखुरणारे भुंगेरे त्या मोजक्या झाडांवर गोळा होतात, मग फवारणी करायची असेल तर तेवढ्याच झाडांवर करायची, किंवा फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडायचे. शेकडो एकर मातीत विष मिसळण्याऐवजी दहा झाडं. मला विचाराल तर भारतीय शेतीशास्त्राने केलेल्या नीटस कामांपैकी हे एक आहे, आणि त्याचं कौतुक मात्र संशोधनपत्रिकांच्या बाहेर फारसं गेलं नाही.

विषाचा मार्ग आपण पुरेसा चालून पाहिला आहे. आधी बीएचसीची भुकटी, पोत्यांनी. ती १९९७ मध्ये बंद झाली. मग फोरेटचे दाणे. उसाच्या पट्ट्यात फोरेट माहीत नाही असा शेतकरी नव्हता, आणि शहरातल्या माळ्यांच्या पिशवीतही ते असायचंच. बंगल्याच्या हिरवळीवर मुठीने फेकायचं आणि पाणी सोडायचं. जगातल्या अतिविषारी कीटकनाशकांत त्याची गणना होते. त्याच गवतावर दुसऱ्या दिवशी पोरं अनवाणी खेळायची. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेट आपल्याकडे बंद आहे. तरी ‘जुना माल आहे का’ असं दुकानात हळूच विचारणारे अजून भेटतात. देणारा भेटला तरीही घेऊ नका.

भुईमुगाला आता बियाण्यावरच औषध चोळून पेरायची शिफारस आहे, आणि ती शहाणपणाची आहे. मूळ जिथे फुटणार तिथेच चिमूटभर संरक्षण. हिरवळीला पेरणी नाही, त्यामुळे ती सोय नाही. तिथे दोन जिवंत औषधं उपयोगी पडतात, आणि दोन्हींचा जन्म अशाच अळ्यांच्या प्रेतांवर झालेला आहे.

पहिली मेटारायझियम बुरशी. १८७९ साली ओडेसामध्ये इल्या मेचनिकोव्ह गव्हावरच्या भुंगेऱ्याच्या अळ्या तपासत होता. काही अळ्या कडक होऊन मेलेल्या आणि हिरव्या भुकटीने माखलेल्या होत्या. ती भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. ती वाढवून किडींवर सोडता येईल, ही कल्पना त्याने तेव्हाच मांडली. पुढे १९०८ चं नोबेल त्याला मिळालं ते वेगळ्या कामासाठी, शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना कशा खातात ते दाखवल्याबद्दल. मेटारायझियम आज आपल्याकडे कृषी विद्यापीठांत, खाजगी दुकानांत मिळतं. पुण्याजवळ मांजरीला असलेल्या वसंतदादा साखर संस्थेचं बीव्हीएम हे मिश्रण ऊसवाल्यांना ठाऊक आहे; त्यातलं ‘एम’ हेच. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल असताना, मातीत द्यावं लागतं. लागण झालेली अळी आधी पांढरट, ताठ होते, मग शेवाळी हिरवी. एकदा अशी अळी खणताना सापडली की माणसाचा बुरशीवरचा विश्वास बसतो.

दुसरं औषध म्हणजे सूत्रकृमी, डोळ्यांना न दिसणारे धाग्यासारखे किडे. १९२९ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका गोल्फ मैदानावर रुडॉल्फ ग्लेझरला जपानी भुंगेऱ्याच्या मेलेल्या अळ्यांत ते सापडले. त्या राज्याला या भुंगेऱ्याचा चांगलाच हिसका बसला होता. १९१६ साली रिव्हर्टनच्या एका रोपवाटिकेत तो अमेरिकेत पहिल्यांदा दिसला. आज एडिसन आणि आसपास राहणारी मराठी मंडळी उन्हाळ्यात गुलाबाच्या पानांवरून हिरवे-तांबूस भुंगेरे वेचून साबणाच्या पाण्यात टाकतात, ते त्याच रिव्हर्टनच्या पाहुण्यांचे वंशज. आपल्या हवेला मानवणारी ‘हेटेरोरॅब्डायटिस इंडिका’ ही जात तमिळनाडूतल्या कोइमतूरहून १९९२ साली नोंदली गेली. हे सूत्रकृमी अळीच्या शरीरात शिरतात आणि आपल्या पोटातले जिवाणू तिथे सोडतात. जिवाणू दोन-तीन दिवसांत अळीला मारतात. मेलेली अळी विटकरी लाल आणि लिबलिबीत होते. उन्हाचा एक तास त्यांना पुरे, म्हणून ते संध्याकाळीच, आधी पाणी देऊन, वर पुन्हा पाणी देऊन सोडायचे. जयपुरात जुलैअखेर ते ऑगस्ट ही त्यांची वेळ, जेव्हा अळ्या लहान आणि वरच्या थरात असतात. सप्टेंबरनंतरच्या थोराड, खोल गेलेल्या अळ्यांवर हे दोन्ही उपाय पैसे वाया घालवण्यासारखे आहेत.

माणूस नाना मार्गांनी या अळीशी भांडला आहे. पंधराव्या शतकात लोझानच्या धर्मपीठाने अशाच अळ्यांवर रीतसर खटला चालवून त्यांना प्रदेश सोडायची आज्ञा दिली होती. त्या न्यायालयाला निदान एक गोष्ट कळली होती, की हा एका शेताचा मामला नाही.

कारण भुंगेऱ्याला पंख आहेत. चोमूच्या शेतकऱ्याने आपल्या बांधावरची खेजडी झाडली आणि शेजाऱ्याने नाही झाडली, तर त्याच्या कष्टांवर शेजारचे भुंगेरे पाणी फिरवतात. खेजडी तोडून टाकावी, असं राजस्थानात कोणी म्हणू शकत नाही आणि म्हणूही नये. १९८३ पासून ती राज्यवृक्ष आहे, आणि १७३० साली खेजडलीला ३६३ बिश्नोई माणसांनी या झाडांसाठी जीव दिला. तेव्हा झाडं राहणार, भुंगेरे झाडांवर येणार, आणि गावाने एका संध्याकाळी एकत्र बाहेर पडायचं, हाच मार्ग उरतो. महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या पट्ट्यात हे घडलं आहे. कारखाने किलोच्या भावाने भुंगेरे विकत घेतात, पोरं कडुलिंब-बाभळीखाली ताडपत्र्या पसरतात, आकडीने फांद्या हलवतात, बादलीत रॉकेलमिश्रित पाणी तयार असतं. झाडामागे सरासरी वीस भुंगेरे मिळाले तरी बंदोबस्त करावा, असं आपले कृषितज्ज्ञ सांगतात.

शहरात मात्र हे होत नाही. बंगल्याची भिंत उंच असते आणि हिरवळ ज्याची त्याची. मालक माळ्याला सांगतो, माळी दुकानदाराला विचारतो, दुकानदार त्याच्याकडे असलेली बाटली देतो. सप्टेंबरात बाटली ओतली जाते, ऑक्टोबरात अळ्या कोष करायला आपोआप खाली जातात, हरळी सावरते आणि श्रेय बाटलीला मिळतं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. एका मोहल्ल्याच्या उद्यानात चार कडुलिंब असतील तर सभोवतालच्या चाळीस अंगणांचा प्रश्न त्या चार झाडांवर सुटू शकतो. त्यासाठी लागते एक ताडपत्री, एक लांब काठी आणि साडेसात ते नऊ या वेळात खाली उतरणारी आठ-दहा माणसं. निवासी संघटनेच्या सभेत हा ठराव मांडून पाहावा. पार्किंगच्या भांडणातून वेळ उरला तर.

पावसाळा ओसरून थंडी तोंडाशी येते तेव्हा जयपुरातली हुमणी कोषात गेलेली असते किंवा कोषातून बाहेर पडून खोल निवांत बसलेली असते. आपल्याकडची तिची सख्खी बहीण, माळावरच्या जमिनीतली ‘होलोट्रिकिया सेर्राटा’, हीदेखील तेव्हा खाणं आवरून त्याच वाटेवर असते. त्या वेळी औषध ओतलं तर ते फक्त गांडुळांना लागेल. तेव्हा करायचं ते एवढंच : खणलेल्या वाफ्यातून वर आलेल्या अळ्या आणि कोष पक्ष्यांसाठी उघडे ठेवा, कच्चं शेण बागेत आणू नका, रिकामी शेतं खोल नांगरून उन्हात पडू द्या, आणि हिरवळीच्या उघड्या डागांत हरळीची पेरं टोचून घ्या.

पुणे, नगर, सांगली, सोलापूरकडच्या वाचकांनी जूनची वाट पाहू नये. आपल्याकडचा भुंगेरा वळवाच्या पावसाला बाहेर पडतो, म्हणजे एप्रिल-मे. पहिला वळीव पडला की त्याच दिवशी सात वाजता बॅटरी घेऊन कडुलिंबाखाली जा. आणि शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवा, झाड बहुतेक त्याच्या कुंपणात असेल.